थंडीत दारं-खिडक्या लावण्याआधी या चुका टाळा

निफाड, जळगावकडे पारा दहाच्या खाली उतरला की घरोघरी खिडक्या घट्ट लागतात आणि आत काहीतरी पेटतं: शेगडी, बंब, गॅस गिझर. बंद खोली आणि जाळ, खरा धोका या जोडीत आहे. हवा कमी पडली की जळण अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

सगळ्यात घातक समजूत म्हणजे ‘धूर गेला, निखारे लाल झाले, आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही.’ बिनधुराचे निखारेच हा वायू भरपूर सोडतात. शेजारी पाण्याची वाटी ठेवून तो शोषला जात नाही. शेगडी अंगणातच शेकावी. झोपायच्या खोलीत ती विझत आलेलीही नको.

गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवणं ही दुसरी मोठी चूक. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यावा. आधीच आत बसवला असेल तर तो हलवेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, मगच अंघोळीला जा. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही. बाहेरची हवा आत यायला दाराच्या खालच्या बाजूला जाळी नसेल, तर फॅन गिझरचा जळका वायू उलट खोलीत ओढू शकतो. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर बर्नर साफ करून घेईपर्यंत गिझर वापरू नका.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर याला ॲसिडिटी समजून लोक आत थांबतात. मग पायांतली ताकद जाते आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांनी आणि मुलांनी आतून कडी लावूच नये. कोणी कोसळलं तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवून फसवतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन धरलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही.

हा वायू ओळखणारा अलार्म घेताना खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ लिहिलंय का ते बघा. स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो यासाठी चालत नाही. सिलिंडरच्या गळतीची तक्रार १९०६ वर करता येते. मात्र त्याआधी रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि विजेच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही.

पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. तो मोबाइल चार्जरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावला की पिन तापते, प्लास्टिक वितळतं. सोळा अँपिअरचं, अर्थिंग असलेलंच सॉकेट वापरा. लोखंडी बादली नको. आधी रॉड खुणेपर्यंत पाण्यात बुडवा, मग बटण दाबा. पाणी तापलं का हे बघायला बटण बंद करून पिन काढल्याशिवाय हात बुडवू नका. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, असावा. त्यावरचं टेस्टचं बटण थंडी सुरू होण्याआधी एकदा दाबून त्याचा खटका खाली पडून वीज तुटते ना, हे पाहा.

गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी घालू नका. पिशवी दोन तृतीयांश भरा, हवा दाबून काढा, वर टॉवेल गुंडाळा. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना ती पायाशी देऊच नका. त्यांना चटका कळत नाही आणि सकाळी थेट फोड दिसतो. त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे पुरेत.