मंडळीच्या कमिटीत निवडून आलात? मग या चुका टाळा

मंडळीची, म्हणजे चर्चची, नवी कमिटी आली की पहिल्या बैठकीत कोणीतरी बायबलमधलं पुढारपणाचं एखादं वचन वाचतं, सगळे आमेन म्हणतात, आणि मग तेच वचन वर्षभर एकमेकांच्या तोंडावर फेकलं जातं. सोलापुरातल्या मंडळ्यांमध्ये वडील (एल्डर), सेक्रेटरी, खजिनदार, तरुण संघाचे पुढारी अशी कामं करणाऱ्यांच्या कुरबुरी ऐकल्या तर त्या फिरून फिरून त्याच निघतात. माझं मत विचाराल तर निम्मी भांडणं अर्धा उतारा वाचल्यामुळे होतात. वाचलेलं वचन बरोबरच असतं, पण त्याच्या आधी काय आहे आणि पुढे काय आहे, ते कोणी बघत नाही.

हिशोब मागितला की "अभिषिक्ताला हात लावू नका"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कोणी जमाखर्च विचारला की स्तोत्र 105 मधलं "माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडलेल्यांना) हात लावू नका" पुढे केलं जातं आणि विचारणारा बंडखोर ठरतो. ते स्तोत्र पाच-सहा वचनं आधीपासून वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येने थोडे, परक्या देशात बिऱ्हाड घेऊन फिरणारे. दरडावणी आहे ती राजांना. म्हणजे दुबळ्याच्या बाजूने सत्तेला दिलेली ताकीद आपण सत्तेच्या बाजूने दुबळ्यावर चालवतो.

आता त्याच अब्राहामाची गोष्ट बघायला उत्पत्तीचा 20वा अध्याय काढा. अब्राहामाने आपली बायको सारेला बहीण म्हणून सांगितलं आणि गरारच्या राजाने, अबीमलेखाने, तिला नेलं. देव स्वप्नात अबीमलेखाला सांगतो, तिला परत पाठव, तो माणूस संदेष्टा आहे. पहाटे उठून अबीमलेख त्याच संदेष्ट्याला बोलावतो आणि तोंडावर विचारतो, तू आमच्याशी हे काय केलंस? असं विचारल्याबद्दल देव राजाला एका शब्दाने रागावलेला नाही. अब्राहामालाही उत्तर द्यावं लागलं, मग आपला खजिनदार कोण लागून गेला?

यावर उपाय प्रेषित पौलानेच घालून दिला आहे. यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना तो आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतो, आणि कारणही लिहितो: या पैशांवरून आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये (2 करिंथ 8). तेव्हा दानार्पण मोजायला दोन वेगळ्या घरांतली माणसं बसवा, आकडा तिथल्या तिथे वहीत लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. कापणीच्या सणाच्या लिलावात तर हमखास घोळ होतो. कोंबडी हजाराला जाते, टाळ्या पडतात, वहीत हजार लागतात. पैसे पुढच्या रविवारी येतात, काही येतच नाहीत. मग वर्षाच्या शेवटी खजिनदाराने खाल्ले अशी बोलवा उठते. बोलीचा रकाना वेगळा ठेवा, जमेचा वेगळा, आणि दोन्ही बोर्डावर लावा. बोली लावून गप्प बसणारेही मग आपोआप पैसे आणून देतात, हा वरचा फायदा.

कुरकुर ऐकू येत नाही, कारण ती दुसऱ्या भाषेत चाललेली असते

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6. येशूचे प्रेषित म्हणतात, "आम्ही प्रार्थना आणि वचनाची सेवा करू", एवढाच भाग आपण उचलतो, आणि त्याचा अर्थ असा लावतो की उपदेश करणारा वर आणि पंगत वाढणारा खाली. भांडण मुळात कशावरून होतं? हेल्लेणी यहूद्यांच्या, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. मंडळी एकच होती, पण भाषा दोन होत्या.

हा उतारा सोलापुरातच लिहिला असता तरी चाललं असतं. एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारं हे गाव आहे. मंडळीत उपासना मराठी, बैठक मराठी, नोटीस मराठी. आणि घरी तेलुगू बोलणारी, विड्या वळून घर चालवणारी आजी मागच्या बाकावर. नाताळच्या आधी विधवांना साडी किंवा धान्य द्यायची यादी होते. यादी करणाऱ्यांना जी घरं माहीत, ती यादीत लागतात. आजीला वगळायचं कोणाच्या मनात नसतं. तिचं नाव कोणाला सुचतच नाही. ती कमिटीकडे तक्रार करत नाही, नळावर करते, आणि तीही तेलुगूत.

बारा प्रेषितांनी काय केलं ते बघा. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं विचारलं नाही. सात माणसं निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव ही सातही नावं ग्रीक आहेत. त्यावरून ही माणसं डावललेल्यांच्याच बाजूची असावीत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. तसं असेल तर ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हातात वाटणी दिली गेली. आपण फार तर अशा घरातल्या एकाला कमिटीवर घेतो आणि खुर्च्या लावायला सांगतो. यादीच त्याच्याकडे द्या की!

इथ्रोचा सल्ला, पण अर्धाच

सेक्रेटरी लग्नाला पुण्याला गेला आणि हॉलची किल्ली त्याच्या खिशात राहिली, हे लक्षण दिसलं की ओळखा. यावर निर्गम 18 सगळ्यांना पाठ असतं: मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलेला, सासरा इथ्रो म्हणतो, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, काम वाटून दे. आणि आपण वाटतो. पण वाटतो काय? चहा, मांडव, माईक. इथ्रोने वाटायला सांगितला होता तो न्याय. लहान प्रकरणं खालच्यांनीच निकालात काढायची, फक्त अवघड तेवढी मोशेकडे. तरुण संघाला कार्यक्रम करू द्यायचा आणि शंभर रुपयांच्या बिलासाठी तीन सह्या मागायच्या, याला इथ्रोचा सल्ला म्हणू नये. माणसं कशी हवीत तेही तिथेच आहे: कर्तबगार, देवाला भिणारी, खरी, लाचेचा तिटकारा असलेली. "रिटायर झालेत, वेळ आहे" हा निकष त्यात नाही.

आपल्याच घरात जागा

याबद्दल थोडंच सांगतो, कारण सगळ्यांना कळतं आणि कोणी बोलत नाही. शमुवेल संदेष्ट्यासारख्या माणसाने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमलं, मुलांनी लाच खाल्ली, आणि त्यातून वडीलमंडळी राजा मागायला आली (1 शमुवेल 8). उलट मोशेलाही दोन मुलगे होते, पण त्याने देवाजवळ पुढारी मागितला तेव्हा मिळाला त्याचा मदतनीस यहोशवा.

हरलेल्याला विसरणं

निवडणुकीत पडलेला माणूस महिनाभराने दुसऱ्या चर्चमध्ये दिसतो, आणि आपण म्हणतो, "त्याला पदच हवं होतं." असेलही. पण त्याच्या घरी कोणी गेलं होतं का? येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना दोघांची नावं पुढे आली होती, चिठ्ठी मत्थियाची निघाली. दुसरा योसेफ बर्सबा. तोही योहानाच्या बाप्तिस्म्यापासून बरोबर राहिलेला, म्हणजे लायकीत कुठे कमी नव्हता. पुढे नाव घेऊन उल्लेख दोघांचाही नाही, जिंकलेल्याचासुद्धा नाही. निकालानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांना घेऊन पडलेल्या उमेदवाराच्या घरी जा आणि हिशोब तपासायचं काम त्याच्याकडे द्या. तुमच्या चुका शोधायला त्याच्याइतका उत्साही माणूस मंडळीत दुसरा मिळणार नाही.