डोळ्यांसमोरून न हटणाऱ्या दृश्याचं काय करायचं?

सबटायटल्स लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. भयपटातलं जे दृश्य तुम्ही बोटांच्या फटीतून बघता, ते मला संवादाची वेळ जुळवायला मागेपुढे करत पुन्हा पुन्हा बघावं लागतं. त्यातून पुढचे हे उपाय ठरत गेले.

छळतो तो सिनेमातला एखादा तुकडाच. गोष्ट विसरते, पण दाराच्या फटीतून आलेला हात भांडी घासताना समोर येतो. हे खोटं आहे हे पक्कं ठाऊक असूनही छाती धडधडते, कारण मेंदूतला अमिग्डाला हा धोका हेरणारा भाग आपण विचार करायच्या आतच धोक्याची घंटा वाजवून मोकळा होतो.

म्हणून सिनेमा संपला की लगेच अंथरुणावर पडू नका. डोळ्यांना काम द्या. २००९ साली मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना अपघात-मृत्यूची भीषण दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने काही जणांना १० मिनिटं टेट्रिस हा वरून पडणारे ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम खेळायला लावलं. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं अवचित आठवण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी निघालं. ठोकळे बसवण्यात नजर गुंतली की ते चित्र मनात घट्ट बसायला वाव मिळत नाही, असं त्यामागचं गणित. नंतरच्या प्रयोगात शब्दांच्या प्रश्नमंजूषेने मात्र असा फायदा झाला नाही. मी चित्रकोडं घेऊन बसते.

‘आता हे आठवायचंच नाही’ असा चंग बांधू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, आणि अस्वल काही हटेना!

तरीही चित्र चिकटलंच, तर मी ते दृश्य पुन्हा लावून दिवसाउजेडी, छोट्या चौकटीत, आवाज पूर्ण बंद करून बघते. निम्मी भीती आवाजातच असते. कट कुठे मारलाय, रक्त कुठून आणलंय, हे दिसायला लागतं. पण तसलं काही तुमच्या स्वतःच्या आयुष्यात घडलं असेल, तर हा उपाय अजिबात करू नका.

लहान मुलांना ‘ते खोटं असतं गं’ म्हणून भागत नाही. जवळ घ्या, दिवा लावून ठेवा.

आठवडे उलटूनही झोप येत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. तिथे सिनेमाची गोष्ट सांगत बसू नका. कोणतं दृश्य येतं, कधी येतं आणि त्यापायी तुम्ही काय टाळायला लागलात, एवढं कागदावर लिहून न्या.