पाणथळ जागेतली मोहरीची भाऊबंद मंडळी ओळखायची कशी? शेंग बघा!

दिवाळी झाली की आपल्या कोल्हापुरात रंकाळ्याच्या कडंला, कळंबा तलावाचं पाणी जिथं मागं सरकतं तिथं, पंचगंगेच्या गाळात, उसाच्या पाटाच्या बांधावर, जिथं जिथं ओल टिकते तिथं बारीक चार पाकळ्यांची पिवळी-पांढरी फुलं दिसायला लागतात आणि जो तो "रानमोहरी असंल" म्हणून पुढं जातो. त्यातली काही खरंच मोहरीच्या कुळातली असतात, काहींचा मोहरीशी काडीचा संबंध नसतो. ग्रुपवर फोटो टाकला तरी उलगडा होत नाही कारण फोटोत नुसतं फूल असतंय. फुलावरून कूळ कळतं, झाडाचं नाव कळतं ते शेंगेवरून, एवढं एक डोक्यात ठेवलं तर निम्मं काम झालं.

सोबत काय घ्यायचं? १० पट मोठं दाखवणारं भिंग, छोटी पट्टी, एक पांढरा कागद. बास.

आधी तोतये बाजूला काढा

ओलीत उगवणारी पिवळी चार पाकळ्यांची फुलं म्हटलं की आपल्याकडं पहिला घोटाळा करते ती पाणलवंग. भाताच्या खाचरात, तळ्याच्या कडंला भरपूर असते. तिची पाकळी बघत बसू नका, पाकळीच्या खाली बघा. देठ वाटतो तो खरं तर बीजकोश असतो आणि फूल त्याच्या डोक्यावर बसलेलं असतं, पाकळ्या गळून गेल्या तरी फुलाची हिरवी दलं फळाच्या टोकावर तशीच राहतात. मोहरीच्या कुळात बरोब्बर उलटं, बीजकोश फुलाच्या आत, पाकळ्यांच्या वर असतो आणि शेंग तयार होताना खालची दलं गळून जातात.

दुसरी तिळवण. पिवळ्या तिळवणीची शेंग लांबून अगदी मोहरीसारखी दिसते, पण हात लावला की चिकट लागतं, वास उग्र, आणि पान एका देठावर ३ ते ५ पानांचं, पंजासारखं पसरलेलं. पांढऱ्या तिळवणीचं पानही पंजासारखंच. तिळवणीचं कूळ मोहरीच्या सगळ्यात जवळचं आहे म्हणून सारखेपणा आहे, पण तिच्या शेंगेत मधला पडदा नसतो. आणि पानं समोरासमोर जोडीनं असली तर पुढं बघायचीच गरज नाही, मोहरीवाल्यांची पानं आळीपाळीनं असतात.

मग पुंकेसर मोजा

फूल भिंगाखाली धरा. चार पाकळ्या अधिकच्या चिन्हासारख्या, आत ६ पुंकेसर, त्यातले ४ उंच आणि २ बुटके, हे दिसलं की मोहरीचं कूळ नक्की धरा, शास्त्रीय नाव ब्रॅसिकेसी. पण ६ भरले नाहीत म्हणून लगेच बाद करू नका, या कुळातली काही बारकी रोपं कमी पुंकेसरांवर भागवतात, ती पुढं येतीलच.

आता शेंग, इथं घाई करायची नाही

फुलं पिवळी असतील तर बहुतेक रोरिपा, म्हणजे मोहरीच्या कुळातला एक गट, त्यात खालच्या तीन जाती येतात. एक पिकत आलेली शेंग कागदावर ठेवा आणि नखानं खालून हलकेच उचकटा, दोन्ही बाजूंच्या फाकी सुटून येतात आणि मधे एका बारीक चौकटीवर ताणलेला, आरपार दिसेल असा पातळ पडदा उरतो, त्याला दोन्हीकडून बिया लागलेल्या. हा पडदा म्हणजे या कुळाची सही आहे, घरच्या मोहरीच्या शेंगेतही हाच दिसतो, एकदा तिथं बघून घेतलात तर रानात चुकणार नाही.

आता त्या बियांच्या ओळी बघा. पडद्याच्या एका बाजूला बिया दोन ओळींत, शेंग साधारण १ ते २.५ सेंमी आणि जराशी जाडसर असली तर रोरिपा इंडिका. शेंग सुतासारखी बारीक, जाडी १ मिमीपेक्षा कमी, लांबी बहुतेकदा २.५ ते ४ सेंमी आणि बिया एकाच ओळीत तर रोरिपा डुबिया, आणि हिच्या फुलाला बहुतेक वेळा पाकळ्याच नसतात त्यामुळं लोक कळीच समजून सोडून देतात. तिसरी रोरिपा पॅलुस्ट्रिस, तिची शेंग आखूड आणि फुगीर, ४ ते १० मिमी, आणि शेंगेचा देठ जवळपास शेंगेएवढाच लांब. पानावरून या तिघींत फरक करायला जाऊ नका, एकाच रोपावर खालचं पान कातरलेलं आणि वरचं साधं असतंय.

पांढरी असतील तर

पान पिसासारखं, छोट्या छोट्या पानांच्या जोड्यांचं असेल तर दोन शक्यता. खोड पोकळ, पाण्यात पसरलेलं, पेरापेराला पांढरी मुळं सुटलेली, शेंग जाडसर, तर ती वॉटरक्रेस, नॅस्टर्शियम ऑफिसिनाले. जुन्या पुस्तकांत हिला रोरिपातच टाकलेलं सापडेल, जनुकांच्या अभ्यासात मात्र ती खालच्या कार्डामाइनच्या जास्त जवळची निघाली.

दुसरी शक्यता कार्डामाइन, हाही मोहरीच्या कुळातलाच एक गट, सावलीतल्या ओलीत, कुंडीतल्या मातीत वगैरे येते. पिकलेल्या शेंगेला नुसतं बोट लावा, फाकी खालून वर तटकन गुंडाळतात आणि बिया लांब उडतात, हे भिंगाशिवायही बघण्यासारखं आहे. कार्डामाइन हिरसूटात पुंकेसर बहुतेक ४ असतात, पानांचा झुपका जमिनीलगत आणि शेंगा फुलांच्या वर डोकावतात. कार्डामाइन फ्लेक्सुओसात पुंकेसर ६ आणि खोड नागमोडी. सह्याद्रीत कार्डामाइन ट्रायकोकार्पा नावाची एक आहे, तिच्या शेंगेवर लव असते, त्यामुळं राधानगरी, गगनबावड्याकडं गेलात तर शेंगेवरून भिंग फिरवायला विसरू नका.

आणि फूल जवळजवळ दिसतच नाही, फळ दोन बारके गोळे चिकटवल्यासारखं, चुरगाळलं की नाकात जाणारा वास, असं जमिनीवर पसरलेलं रोप म्हणजे लेपिडियम डिडायमम. मूळचं दक्षिण अमेरिकेचं. आपल्या हळिवाचं भावंड, पुंकेसर बहुधा २ च.

फोटो काढताना फूल, पानाची मागची-पुढची बाजू, खालचा झुपका आणि उघडलेली शेंग पट्टीसकट असे चार तरी काढा, रोप उपटू नका, एक शेंग पुरते. शेंग धरलेली नसेल तर नुसतं "रोरिपा" एवढंच लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी परत जा.

एक कळकळीचं सांगणं, वॉटरक्रेस खातात हे खरं, पण तळ्या-ओढ्यातली तोडून कच्ची खाऊ नका. जनावरं चरतात त्या पाण्यात यकृतात जाणारे कृमी असू शकतात, ते गोगलगायींच्या मार्फत अशाच पानांवर येऊन चिकटतात आणि नुसतं धुवून जात नाहीत. वर सांडपाणी मिसळतं ते वेगळंच.