वैशेषिकांचे पदार्थ शिकताना या चुका टाळा

वैशेषिक हे प्राचीन भारतीय दर्शन, ते सगळ्या गोष्टी ‘पदार्थां’त वाटतं. पहिला घोळ शाळेतलं विज्ञान घालतं. तिथे पदार्थ म्हणजे वजन असणारी, जागा अडवणारी गोष्ट. वैशेषिकांचा पदार्थ म्हणजे पदाचा, शब्दाचा अर्थ, म्हणून पांढरेपणा, चालणं, घड्याचं नसणं हेही पदार्थच. आपल्या मनातल्या ‘पदार्था’च्या जवळ जातं ते द्रव्य, पण ९ द्रव्यांत काल, दिशा, आत्मा आणि मनही आहेत.

कर्म म्हणजे पाप-पुण्य नव्हे, हालचाल. पाप-पुण्य २४ गुणांत शोधा, अधर्म आणि धर्म या नावांनी.

त्र्यणुकात ३ परमाणू नसतात. ३ द्व्यणुकं (दोन-दोन परमाणूंच्या जोड्या) असतात, म्हणजे ६ परमाणू.

आता सगळ्यात छळणारी चूक. उदाहरण नेहमीचंच, सूत आणि कापड. नवशिका पदार्थांचा तक्ता पाठ करून येतो आणि बिनधास्त लिहितो: सूत द्रव्य, कापड द्रव्य, दोघांत संयोग. संपलं! संयोग हा गुण आहे. तो टेबल आणि पुस्तकासारख्या, वेगळ्या राहू शकणाऱ्या द्रव्यांत येतो. कापड सुतांतून सोडवून बाजूला ठेवून दाखवा बरं. संयोग आहे तो सुतासुतांत. कापड सुतांत राहतं ते समवायाने, म्हणजे सोडवता न येणाऱ्या संबंधाने. हा फरक पुसला की कापड नावाचं नवं द्रव्य उरतच नाही, उरतो सुतांचा ढीग. ते तर बौद्धांचं म्हणणं! म्हणजे वैशेषिकांची बाजू मांडायला उभं राहून वकीलपत्र समोरच्याचं घेतलं.

याच कापडातून एक सूत ओढून काढलं तर? घाईचं उत्तर: तेच कापड, जरा विरळ. नाही. सुतांचा संयोग हे कापडाचं असमवायी कारण, म्हणजे ज्या सुतांत कापड राहतं त्यांतच राहून ते घडवणारं कारण. तो तुटला की जुनं कापड नष्ट, आणि उरलेल्या सुतांत नवं ‘खंडपट’ जन्मतं. पटत नसेल तर खुशाल भांडा, पण आधी त्यांचं म्हणणं धड लिहा.

माझी सवय साधी आहे. प्रत्येक जोडीपुढे दोन प्रश्न लिहायचे: काय कशात राहतं? वेगळं केल्यावर दोन्ही टिकतात का? समवायाच्या जोड्या पाचच आहेत: अवयव-अवयवी (भाग आणि अखंड वस्तू), गुण-गुणी, क्रिया-क्रियावान, जाती-व्यक्ती (गायपण आणि गाय), विशेष-नित्यद्रव्य (नित्य द्रव्य आणि त्याला इतरांपासून वेगळं ठरवणारा धर्म). यांत बसत नसेल तर समवाय म्हणू नका.

शेवटची चूक: समान शब्द दिसला की जाती मानणं. आकाश भूत (पंचमहाभूतांपैकी एक) आहे, मूर्त (मर्यादित आकाराचं) नाही. मन मूर्त आहे, भूत नाही. पृथ्वी, जल, तेज, वायू दोन्ही आहेत. अशी अर्धवट सरमिसळ म्हणजे संकर, न्याय-वैशेषिक पंडित उदयनाचार्यांच्या सहा जातिबाधकांपैकी (जाती मानायला आड येणाऱ्या कारणांपैकी) एक. म्हणून भूतत्व (भूत असणं) ही जाती नव्हे, उपाधी, म्हणजे नुसतं समान वैशिष्ट्य.