भातानंतर भुईमूग: शेंगा पोचट राहू नयेत म्हणून

नोकरी मुंबईत आणि दहा-वीस गुंठ्यांची भाताची खाचरं पालघर किंवा कर्जतला, असं असेल आणि विहिरीला मेपर्यंत पाणी टिकत असेल, तर उन्हाळी भुईमूग करा. वाण टीएजी-२४ घ्या. तो ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचाच आहे. बुटका, उपट्या (न पसरता उभा वाढणारा), साधारण ११०-११५ दिवसांचा.

पेरणी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. रात्री फार थंड, १८ अंशांच्या खाली गेल्या तर उगवण रेंगाळते. पण उशीर त्याहून महाग पडतो. काढणी वळवाच्या पावसात सापडली की शेंगेतच कोंब फुटतात, कारण या वाणाच्या ताज्या दाण्याला सुप्तावस्था, म्हणजे काही काळ न उगवता राहण्याची सवय, नाही.

चिखलणीमुळे खाचराची माती घट्ट बसलेली असते. वाफसा येताच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी झाली की, नांगरा, ढेकळं फोडा आणि गादीवाफे (उंच वाफे) करा. गुंठ्याला १ किलो दाणे लागतात, अंतर ३० बाय १० सेंटिमीटर. पेरणीआधी किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आणि २५ ग्रॅम रायझोबियम (हवेतलं नत्र झाडाला मिळवून देणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवा.

खतात डीएपीपेक्षा (डायअमोनियम फॉस्फेट) सिंगल सुपर फॉस्फेट बरं, गुंठ्याला ३ किलो. त्यातून कॅल्शियम आणि गंधकही मिळतं. सोबत अर्धा किलो युरिया पुरे. नत्र वाढवलं तर पाला माजतो, शेंगा नाही.

उत्पन्न ठरतं ते आऱ्या सुटताना. आऱ्या म्हणजे फुलानंतर जमिनीत शिरणारे देठ, त्यांच्या टोकाला शेंग धरते. शेंग आपलं कॅल्शियम मुळांकडून नाही, भोवतालच्या मातीतूनच घेते. कोकणच्या पावसात ते धुपून गेलेलं असतं, म्हणून झाड हिरवंगार आणि शेंग पोकळ. गुंठ्याला ४ किलो जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज) द्या: निम्मं पेरताना, निम्मं फुलोऱ्यात झाडाच्या बुंध्याशी. वरची दोन-तीन बोटं माती कोरडी असेल तर त्याचा उपयोग नाही. फुलोरा, आऱ्या आणि दाणे भरणं या तिन्ही वेळी पाण्याचा ताण नको. खुरपणी, बुंध्याला मातीची भर घालणं आऱ्या जमिनीत शिरण्याआधीच आटपा. नंतर खुरपं लावलंत तर आऱ्या तुटतात.

पाला पिवळा पडला की चार-पाच झाडं उपटून बघा. बहुतेक टरफलं आतून काळपट दिसली की काढा. हलवल्यावर दाणा खुळखुळेपर्यंत शेंगा वाळवा. अर्धवट ओल्या शेंगांचं पोतं जूनमध्ये मुंबईच्या घरात आणू नका, दमट हवेत बुरशी धरते. बुरशीचे दाणे घाण्यावर न नेता टाकूनच द्या.