आलेख खरा की कान? एसएमपीएसचा लूप मोजायला शिकताना

दहावीपर्यंत खानापूर तालुक्यातली मराठी शाळा, मग बेळगावात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग. व्हीटीयूच्या (आमच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरात सेमीलॉग कागदावर बोडे प्लॉट, म्हणजे फ्रिक्वेन्सीनुसार गेन आणि फेज दाखवणारा आलेख, काढून मार्क मिळवले होते. तोच आलेख चालू बोर्डावरूनही काढता येतो, हे मात्र उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, नोकरीला लागेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

आमच्या शेडमध्ये २४ व्होल्ट ५ अँपिअरचे फ्लायबॅक जातीचे एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) बनायचे, स्विचिंग ६५ किलोहर्ट्झ. एका पावसाळ्यात बोर्ड परत यायला लागले. तक्रार एकच, शिट्टी मारतोय. झालं होतं असं की खरेदीत आऊटपुटचे कपॅसिटर बदलले होते. नवे कमी ईएसआरचे (कपॅसिटरच्या आतला रोध कमी), म्हणजे कागदावर जास्त चांगले. पण आऊटपुट बघून स्विचिंग सावरणारा जो फीडबॅकचा लूप असतो, त्याला जुन्या कपॅसिटरच्या ईएसआरमुळे फेजचा थोडा आधार मिळत होता, तो नव्यांमुळे फार वरच्या फ्रिक्वेन्सीला सरकला. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की लोड एकदम वाढवला की आऊटपुट चार-पाच हेलकावे खाऊन मग स्थिर होतं.

लूप मोजण्यासाठी तो तोडायचा नसतो. तोडला तर आऊटपुट एका टोकाला जाऊन बसतं आणि मोजायला काही उरत नाही. कॅलटेकच्या आर. डी. मिडलब्रूक यांनी १९७५ साली मांडलेली युक्ती आजही सगळे वापरतात. फीडबॅकच्या वाटेत २०-२५ ओहमचा छोटा रोध टाकायचा आणि त्याच्यावर ट्रान्सफॉर्मरमधून बारीक साइन वेव्ह सोडायची. रोधाच्या दोन्ही टोकांवर प्रोब लावायचे. जागा अशी हवी की मागची बाजू कमी इम्पिडन्सची आणि पुढची जास्त इम्पिडन्सची असेल. आऊटपुट आणि त्याचा डिव्हायडर (आऊटपुटचा ठरावीक हिस्सा फीडबॅकला देणारी रोधांची जोडी) यांच्या मधली जागा साधारण अशीच असते.

इंजेक्शन ट्रान्सफॉर्मर महाग म्हणून घाबरू नका. मी भंगारातल्या एसएमपीएसचा मोठा कॉमन मोड चोक काढला. दोन सारख्या गुंडाळ्या, इंडक्टन्स भरपूर. त्याचा स्वतःचा प्रतिसाद सपाट नसतो, पण आपण दोन टोकांवरच्या व्होल्टेजचं गुणोत्तर घेतो, त्यात चोकचे दोष कटून जातात. सिग्नल पुरेसा पोचला म्हणजे झालं.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स अ‍ॅनलायझर आमच्याकडे नव्हताच. फंक्शन जनरेटर, दोन चॅनलचा स्कोप, जनरेटरच्या सिंक आऊटपुटवर ट्रिगर, अ‍ॅव्हरेजिंग चालू, आणि एक वही. खालच्या फ्रिक्वेन्सीला डिव्हायडरच्या बाजूची लाट जवळपास दिसतच नाही, कारण तिथे लूपचा गेन भरपूर असतो. फ्रिक्वेन्सी वाढवत गेलं की ती मोठी होत जाते. दोन्ही लाटा सारख्या उंचीच्या झाल्या की तो क्रॉसओव्हर, आणि त्या क्षणी दोघींमध्ये जेवढं अंशांचं अंतर, तेवढं फेज मार्जिन, म्हणजे लूप डळमळायच्या आधी उरलेली जागा. ऋण फीडबॅकचे १८० अंश या मापात आधीच धरलेले असतात, वेगळे वजा करायचे नाहीत. ४५ अंशांच्या खाली चिंता करावी, ६० असतील तर निवांत.

(हे सगळं आयसोलेटेड सेकंडरीच्या, म्हणजे मेन्सपासून वेगळ्या असलेल्या आऊटपुटच्या बाजूलाच. दोन्ही प्रोबच्या ग्राउंड क्लिपा आऊटपुटच्या मायनसलाच. मेन्सच्या बाजूच्या प्रायमरीला हात लावायचा नाही, आणि स्कोपची अर्थ पिन काढायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकायचं नाही.)

मी रोध टाकला डिव्हायडरच्या वर. क्रॉसओव्हर आला १.१ किलोहर्ट्झ, मार्जिन ७० अंश. आलेख इतका देखणा की मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवायला निघालो होतो. बाजूच्या बेंचवरचे मामा, आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, बोर्डाला लोड देऊन कान लावून उभे होते. म्हणाले, ‘बघ की, अजून शिट्टी मारतोय. आलेख खरा की कान खरा?’

मी स्कोपवर हेलकाव्यांमधलं अंतर मोजलं. साधारण २०० मायक्रोसेकंद, म्हणजे ५ किलोहर्ट्झच्या आसपास. हेलकावे क्रॉसओव्हरच्या जवळपासच्या फ्रिक्वेन्सीला येतात. १.१ किलोहर्ट्झवाला लूप ५ किलोहर्ट्झची शिट्टी कशाला मारेल?

दोन दिवस सर्किटकडे बघण्यात गेले. गोम टीएल४३१ मध्ये होती, म्हणजे आऊटपुटवर नजर ठेवणाऱ्या तीन पायांच्या छोट्या आयसीमध्ये. त्याचा रेफरन्स पाय डिव्हायडरवरून आऊटपुट बघतो, ही एक वाट. पण ऑप्टोच्या (प्रकाशातून प्रायमरीला फीडबॅक पोचवणाऱ्या भागाच्या) एलईडीचा रोधही आऊटपुटलाच जोडलेला असतो. आऊटपुट हललं की टीएल४३१ काही करायच्या आधीच एलईडीचा करंट हलतो. ही दुसरी वाट, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला खरा कारभार हीच बघते. मी सिग्नल पहिल्या वाटेत सोडत होतो आणि दुसरी तशीच बंद लूपमध्ये चालू होती. माप चुकीचं नव्हतं, ते भलत्याच लूपचं होतं.

मग बोर्डावरचा ट्रॅक ब्लेडने कापला आणि रोध अशा जागी टाकला की डिव्हायडर आणि एलईडीचा रोध दोन्ही त्याच्या पलीकडे राहतील. आता क्रॉसओव्हर ४.८ किलोहर्ट्झ. एक आवर्तन २०८ मायक्रोसेकंदांचं, दोन लाटांमध्ये अंतर १३. म्हणजे जेमतेम साडेबावीस अंश. आलेख आणि मामांचा कान एकदाचे जुळले.

उत्साहात मी जनरेटरचा सिग्नल वाढवत गेलो तेव्हा शेजारचा कन्नड मित्र ‘निधान, निधान’ (हळू, हळू) करत होता, आणि त्याचं बरोबर होतं. सिग्नल मोठा झाला की कंट्रोलर मर्यादेला टेकतो आणि आकडे खोटे होतात. अ‍ॅम्प्लिट्यूड निम्मी करा. आकडा हलला तर आधीचा फेकून द्या. खालच्या फ्रिक्वेन्सीला मोठा सिग्नल चालतो, क्रॉसओव्हरजवळ तो बारीकच हवा.

दुरुस्ती त्या मानाने किरकोळ. एलईडीचा रोध १.५ वरून २.७ किलोओहम केला, गेन ५ डेसिबलने उतरला, क्रॉसओव्हर २.७ किलोहर्ट्झवर आला आणि मार्जिन पन्नाशीच्या पुढे गेलं. रोध वाढवताना टीएल४३१ ला लागणारा किमान १ मिलिअँपिअर मिळतोय ना, ते तपासा. आणि माप पूर्ण लोडवर घेऊन थांबू नका, हलक्या लोडवर आणि इनपुटच्या दोन्ही टोकांनाही घ्या, फ्लायबॅक प्रत्येक ठिकाणी वेगळा वागतो.

आता मुलाखतीला आलेल्या पोरांपुढे मी तेच सर्किट ठेवतो आणि पेन्सिलीने एक फुली मारायला सांगतो, सिग्नल कुठे सोडशील? बहुतेक जण डिव्हायडरच्या वर मारतात. मी काही बोलत नाही, बोर्ड चालू करून लोड देतो आणि कान लाव म्हणतो.