लाकडी पेन कातायचंय? आधी भोक नीट पाडा

नवीन माणूस हमखास विचारतो, "लेथ (लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र) कुठला घेऊ?" अहो, साधा मिनी लेथ पुरतो. पैसे राखून ठेवा ते ड्रिल प्रेससाठी (सरळ उभं भोक पाडणारं स्टँडवरचं ड्रिल) आणि हत्यारांना धार लावायच्या सोयीसाठी. पेन फुटतं लेथवर, पण फुटायचं कारण बहुधा त्याआधीच घडलेलं असतं.

पहिलं पेन स्लिमलाइन किटचं करा, म्हणजे बारीक पेनाच्या तयार सुट्या भागांच्या संचाचं. त्यात ७ मि.मी. जाडीच्या दोन पितळी नळ्या येतात, त्या लाकडाच्या आत बसतात. त्यांच्यासाठी पाऊण इंच जाडीचा, ५ इंच लांबीचा चौकोनी तुकडा पुरतो. शिसव, साग, बाभूळ, काहीही चालेल. फर्निचरवाल्याकडे असे तुकडे पडूनच असतात. फक्त लाकूड चांगलं वाळलेलं हवं. ओलं लाकूड नंतर आक्रसतं, आतलं पितळ आक्रसत नाही, मग उभी चीर जाते.

तुकड्याचे दोन भाग करताना ते नळीपेक्षा थोडे लांब ठेवा. ड्रिल बिट खालून बाहेर पडताना कड उडवतं, ती त्या जादा भागातच उडू दे. भोक एका दमात पाडू नका. थोडं आत जा, बिट वर काढा, भुसा झटका, पुन्हा आत. भुसा अडकला की बिट तापतं आणि लाकूड आतून तडकतं.

नळी पॉलिश पेपरने खरवडून घ्या, गुळगुळीत पितळाला गोंद धरत नाही. नळीचं टोक बटाट्याच्या चकतीत दाबलं की ते बुजतं आणि गोंद आत शिरत नाही. नळी भोकात चिकटवायला मी एपॉक्सीच (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) वापरतो आणि रात्रभर हात लावत नाही. झटपट गोंद नळी अर्ध्यात असतानाच पकडतो. मग ट्रिमरने (टोक सपाट तासणारं हत्यार) दोन्ही टोकं काटकोनात आणा. पितळ चमकलं की थांबा, कारण नळी आखूड झाली तर रिफिलचं गणित बिघडतं.

आता लेथ. लाकडाचे तुकडे ज्या दांड्यावर ओवतात त्या मँड्रेलचा नट हातानेच, बेताने आवळा; जास्त पिळलात तर दांडा वाकतो आणि पेन एका बाजूला जाड होतं. कातणं खरं तर सोपं आहे: धारदार गाउज (पन्हळीसारखी पटाशी), मिनिटाला २००० च्या आसपास फेरे, आणि कातायचं ते बुशिंगच्या, म्हणजे टोकाशी बसवलेल्या मापाच्या कड्यांच्या, किंचित वरपर्यंत. उरलेलं पॉलिश पेपरवर सोडा.

पॉलिशला चपडा लाख घ्या. फिरत्या लाकडावर कागदाच्या घडीने दाबली की घर्षणाच्या उबेने बसते. कातीव लाकडी खेळण्यांच्या लाखकामामागेही घर्षणाची हीच ऊब. काहीजण सुपरग्लूचा थर देतात. चकाकी टिकते, पण मला ते पेन हातात प्लॅस्टिकचं वाटतं. द्यायचाच असेल तर सुती चिंधी वापरू नका, सुतावर हा गोंद एकदम तापतो, चटका बसतो.

हातमोजे, लोंबत्या बाह्या, ओढणी लेथपाशी नको. चेहऱ्यावर शील्ड हवी, आणि मास्कही. शिसवीचा भुसा अनेकांना बाधतो.

जोडताना फिरकीची यंत्रणा (पेन फिरवलं की निब आतबाहेर करणारी) थोडी थोडी दाबा, दर वेळी रिफिल घालून बघा. जास्त आत गेली तर निब कायम बाहेर राहते. स्लिमलाइनला क्रॉस कंपनीच्या पद्धतीची रिफिल लागते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा नसते. कुणाला भेट द्यायचं असेल तर पार्कर पद्धतीची रिफिल बसणारं किट घ्या.